बोलणं पुरं होईपर्यंत

हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला लावा आणि अजिबात हलू नका, असं चष्मेवाल्यानं सांगितलं आणि ती हलली नाही. न हलता बसणं ही तिची आयुष्यभराची कमाई होती. एका डोळ्यावर काळी चकती, दुसऱ्यापुढे हिरवा ठिपका, आणि पाठीमागे फळीवर कुठेतरी रेडिओ. राज्यघटनेच्या वाढदिवसाचा आठवडा होता, त्यामुळे सकाळपासून जुनी भाषणं लागत होती आणि चष्मेवाला मधूनच यंत्रावरून मान वर करून ‘काय माणसं होती’ असं म्हणत होता. नक्की काय होती हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तो तेव्हा जन्मलाही नसेल. मग रेडिओतून एक तरुण बाई म्हणाली, माझ्या वडिलांना बोलताना अडखळायला व्हायचं आणि न्यायाधीशाला घाई होती. आवाज स्वच्छ होता, थोडा गर्विष्ठही. हिला स्वतःचं भारी कौतुक असावं, असं तिच्या मनात येतंय तोवर पुढच्या वाक्याआधी त्या बाईनं श्वास घेतला, आणि तो श्वास कुठे घेतला जाणार हे हिच्या छातीला आधीच कळलं होतं. हिरवा ठिपका एका बाजूला सरकला. चष्मेवाला म्हणाला, हललात आजी, आता परत पहिल्यापासून. तिनं पुन्हा हनुवटी टेकवली. निवेदिका सांगत होती की ही घटनासमितीतल्या एकमेव महिला सदस्याची, आपल्या लाडक्या डॉक्टरीणबाईंची दुर्मीळ ध्वनिफीत, आणि याच भाषणानंतर ते प्रसिद्ध कलम मंजूर झालं, ज्या माणसाचा निवाडा व्हायचा त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकून घेतलं जाईल. चष्मेवाल्यानं भिंग बदललं. याच कलमानं त्याच्या मेव्हण्याला घरमालकाच्या दाव्यात वाचवलं होतं म्हणे. मेव्हणा एकदा बोलायला लागला की देवसुद्धा पाट सोडून उठेल, पण कलमच तसं, न्यायाधीश बिचारा करतो काय. ‘‘एक बाई उभी राहून बोलली, आणि बघा,’’ तो म्हणाला. ती उभी नव्हती. बसली होती, काचेच्या खोलीत, पाठीमागे उशी घेऊन. पण हे सांगायचं तर कुठून सुरू करणार? आवाज माझा आहे पण बोलतेय ती मी नाही, आणि जे बोलताहेत ते बाई नाहीत, असं हनुवटी टेकवून सांगितलं तर माणूस डोळ्यांऐवजी डोकं तपासायला पाठवील. तिनं चष्मा कधी मिळेल एवढंच विचारलं.

रस्त्यावर ऊन होतं आणि डोळ्यांत घातलेल्या औषधामुळे सगळ्या पाट्या विरघळल्यासारख्या दिसत होत्या. ती भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिली. राग आला नव्हता. चोरी झाल्यासारखं वाटत होतं, आणि चोरी तिच्या घरात झाली असली तरी माल मास्तरांचा होता, मूळ भाषण त्यांचं होतं. डॉक्टरीणबाईंचे वडील अडखळायचे! बंदरातली निम्मी जहाजं त्या गृहस्थांची, आणि बोलायला लागले की समोरच्याला शिंकायलाही फट मिळत नसे. एकदा प्रेक्षकांच्या सज्जातून मुलीला सूचना द्यायला लागले तेव्हा शिपायानं त्यांना बाहेर नेलं होतं. रेडिओवाल्यांची चूक कशी झाली असेल हे तिला लगेच कळलं. सभागृहातली रिळं ओलीनं गेली हे तिनं पेपरात वाचलं होतं. दुभाष्यांच्या काचेच्या खोलीतली राहिली असणार. त्यातून एका बाईचा आवाज येतो, ‘मी’ म्हणतो, समितीत बाई एकच. कुणीही हेच म्हटलं असतं. चूक तिच्या शिस्तीतूनच निघाली होती, हे तिला टोचत होतं.

देशाच्या दोन भाषा होत्या, डोंगराकडची आणि किनाऱ्याकडची, आणि तिच्या घरातही त्या दोनच होत्या. आई डोंगरावरची, वडील किनाऱ्यावरचे. भांडण दोन्ही भाषांत व्हायचं, त्यामुळे दोन्ही पक्क्या झाल्या. परके राज्यकर्ते गेले तेव्हा घटनासमितीला दुभाषे हवे होते. परक्यांची भाषा येणारे पोत्यानं होते, एकमेकांची येणारे मोजकेच. सभागृहाच्या मागच्या भिंतीत काचेची खोली बांधली होती. तिच्यात ती आणि तिचा जोडीदार, एक घोगऱ्या आवाजाचा मनुष्य, जो पहिल्याच दिवशी म्हणाला, चला, आपण दोघं पोपट, पिंजरासुद्धा मिळाला. तेव्हापासून तो पोपट. डोंगराचं किनाऱ्याला ती सांगायची, किनाऱ्याचं डोंगराला पोपट. म्हणजे खुद्द डॉक्टरीणबाई डोंगरावरच्या लोकांना अजूनही घोगऱ्या पुरुषी आवाजातच आठवत असतील, आणि आता किनाऱ्यावर तिच्या आवाजात. बाईंचा स्वतःचा आवाज कसा होता? बारीक होता. सर्दी झाल्यासारखा. नियम एकच होता आणि सचिवांनी तो टेबलावर बोट आपटून सांगितला होता: ‘ते म्हणतात’ असं कधी म्हणायचं नाही. सदस्य ‘मी’ म्हणाला की तुम्ही ‘मी’. सदस्य रडला तर रडू नका, पण ‘मी रडतो आहे’ असं म्हणाला तर ते म्हणा. ती संध्याकाळी घरी येऊन सांगायची, आज मी राजीनामा दिला, मग मीच मला समजावलं, मग मी माझ्यावर मोठ्यानं हसले. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, बाई गं, आधी तू कोण ते एकदा ठरव. तेव्हा ते हसण्यावारी गेलं. चोविशी ओलांडली नव्हती, आणि रोज एक देश तोंडातून जात होता, त्यापुढे आपण स्वतः कोण हा प्रश्न अगदीच घरगुती वाटायचा.

मास्तर डोंगराकडून निवडून आलेले, एका खेड्यातल्या शाळेचे. उभे राहिले की त्यांच्याकडचेच सदस्य बुटांकडे बघायला लागत. पहिलं अक्षर यायचं, मग तेच पुन्हा, मग काहीच नाही, नुसती हनुवटी थरथरत राहायची. मग एकदम चार शब्द दार उघडल्यासारखे बाहेर. मागच्या बाकावर खसखस पिकायची. वकील म्हणून ओळखले जाणारे एक सदस्य होते, ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हणून सुरुवात करून चहाच्या सुट्टीपर्यंत पोचणारे, तेही मास्तर बोलायला लागले की घड्याळ काढायचे. पण किनाऱ्याकडच्या सदस्यांच्या कानांवर यंत्रं होती आणि यंत्रांत ती होती. अडखळणं भाषांतरात कसं आणायचं? सचिवांच्या नियमात ते नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं नुसता अर्थ सांगितला. दुसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की वाक्य थोडं लांबवलं, श्वास जरा उशिरा घेतला, तर त्यांचं गप्प राहणं हे विचार करून थांबण्यासारखं ऐकू येतं. मग ती त्यात तरबेज झाली. त्यांची मान डावीकडे वळली की ‘आणि तरीही’ येणार, मूठ वळली की एखाद्या माणसाची गोष्ट येणार, हे तिला काचेतून कळायचं, त्यांच्या आधी कळायचं. त्या कलमाच्या दिवशी ते आपल्या वडिलांविषयी बोलले. वडीलही तसेच बोलणारे. परक्यांच्या न्यायाधीशानं जंगलातल्या चोरीबद्दल विचारलं, वडील ‘न’ वर अडकले, न्यायाधीशाला घाई होती, त्यानं गप्प राहणं म्हणजे कबुली असं लिहून घेतलं. ‘नाही’ हा शब्द त्यांनी तुरुंगात पुरा केला, असं मास्तर म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, कारण हे सांगतानाही मास्तर ‘न’ वरच अडकले होते. किनाऱ्याकडे कुणी हसलं नाही. मतांना हात वर झाले तेव्हा डोंगराकडचे थोडे, तेही अवघडून, आणि किनाऱ्याकडचे जवळजवळ सगळे. मास्तर त्या हातांकडे बघत राहिले, परक्याच्या घरी आपल्याच नावाचं ताट मांडलेलं दिसावं तसे. पोपटानं तिला कोपरानं ढोसलं. तिच्या हातांना मात्र घाम सुटला होता, आणि ते आनंदानं होतं की आणखी कशानं हे तिला आजवर सांगता आलेलं नाही.

शेवटच्या दिवशी सह्या झाल्या, फोटो झाले, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. ती काचेच्या खोलीत वायरी गुंडाळत होती. पोपट मिठाई शोधायला गेला होता. दारात मास्तर उभे होते. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं; त्यांच्या कोटाच्या कोपरावर ठिगळ होतं आणि ते नीट घातलेलं होतं. ते म्हणाले, ‘‘तु... तु...’’ हनुवटी थरथरायला लागली. आणि तिची जीभ सवयीनं पुढे धावली. मान जराशी खाली होती, हात छातीशी होता, म्हणजे आभार, दुसरं काय असणार? ‘‘तुमचे आभार कसे मानू,’’ तिनं त्यांचं वाक्य पुरं केलं, त्यांच्याच भाषेत, त्यांच्या तोंडावर, आणि वर ‘छे छे, ते तर माझं काम’ असं उत्तरही दिलं. प्रश्न तिचा, उत्तर तिचं. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग मान लववून निघून गेले. ज्या माणसानं देशाकडून ते एकच मागून घेतलं होतं, त्याचं बोलणं तिनं पुरं होऊ दिलं नव्हतं, आणि घटनेवरची शाई अजून वाळायची होती. बाहेर फटाके वाजत होते. ती वायरी गुंडाळत राहिली.

त्यानंतर ती पुष्कळ बोलली. मच्छीमारांच्या परिषदेत, सिमेंटच्या करारात, रेल्वेच्या रुंदीवरून झालेल्या तंट्यात. कुठल्याशा मंत्र्याच्या वतीनं तिनं एकदा दिलगिरी व्यक्त केली होती आणि ती तिला त्याच्यापेक्षा चांगली जमली होती. माणसं येत, तिच्या तोंडानं भांडत, तिच्या तोंडानं तह करत, आणि जेवायला एकमेकांबरोबर जात. लग्नाचं एकदोनदा निघालं होतं. एक जण चांगला होता, पण तो काही बोलायच्या आधीच तिला कळायचं, आणि कळलं की ऐकायचा कंटाळा यायचा. बहीण होती तोवर घरात उलट बोलणारं कुणीतरी होतं. आता भाची फोन करते, ‘मावशी, जेवलीस का’, आणि उत्तराआधीच ‘जेवली असशीलच’. रात्री दिवा मालवल्यावर ती मास्तरांचं ते ‘तु’ पुरं करत आली. तुम्ही माझं बोलणं चांगलं सांगितलंत. तुम्ही माझं बोलणं चोरलंत. तुम्ही मला वेगळाच माणूस केलंत, मी तो नाही. तुमचं लग्न झालंय का? तुम्हाला बरं वाटत नाही का, रंग उतरलाय. वर्षं गेली तशी वाक्यं साधी होत गेली, आणि हल्ली हल्ली ते नुसतंच ‘तु’ उरलं होतं, दाराशी येऊन थांबलेलं. मास्तर याच शहरात राहायला आल्याचं तिला ठाऊक होतं. जुन्या पाण्याच्या टाकीमागची गल्ली, मुलाकडे. बस त्या गल्लीवरून जायची तेव्हा ती पलीकडच्या खिडकीशी बसायची. एकटेपणाचीही माणसाला सवय होते म्हणतात. तिला झाली नव्हती, तिनं फक्त त्याचं भाषांतर चांगलं केलं होतं.

भाचीच्या फोनवर तिच्या तोंडून रेडिओचं निघून गेलं. भाची म्हणाली, मग त्यांना फोन लाव ना, गप्प काय बसतेस. तिनं लावला. निवेदिका गोड होती, चूक झाल्याचं कळून खरोखर हादरली, पण गोष्ट तिच्या हातात नीट बसेना. आवाज तुमचा, बोलणं मास्तरांचं, आणि आम्ही सांगितलं बाईंचं, म्हणजे दुरुस्ती करताना नेमकं कुणाला ‘मी’ म्हणू, असं तिनं विचारलं. मग म्हणाली, मास्तर स्वतः सांगतील तर सोन्याहून पिवळं, पण त्यांच्या घरी मागेच विचारलं होतं, सूनबाई म्हणाल्या त्यांना बोलणं जमत नाही. म्हणजे जमतं, पण वेळ लागतो, आणि कार्यक्रम तर छोटासा. तुम्हीच जाऊन त्यांचं म्हणणं घेऊन या आणि तुम्हीच सांगा, तुमची तर सवयच आहे. सवय आहे, ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय, जुनी साडी अंगाला बसावी तसं, आणि त्या बरं वाटण्याची तिला भीती वाटली. पुन्हा काच, पुन्हा ‘मी’. पण नाही गेलं तर मास्तरांचे वडील कायमचे डॉक्टरीणबाईंचे वडील होऊन बसणार होते. माणूस मरतो ते ठीक, पण त्याचं अडखळणंही दुसऱ्याच्या नावावर चढावं?

नवा चष्मा घालून ती दुपारी गेली. गल्लीतल्या भिंती एकदम फार स्पष्ट दिसत होत्या, पोपड्यांसकट. दारावर टकटक केली तर आतून बाईमाणसानं विचारलं, कोण? ‘‘मी,’’ ती म्हणाली, सगळे म्हणतात तसं. कुणाची मी? दार उघडलं. सूनबाई, हात पिठाचे, चेहरा मायाळू आणि थकलेला. ‘‘काचेच्या खोलीतली,’’ ती म्हणाली. सूनबाईंना काही कळलं नाही, पण आत खिडकीशी आरामखुर्चीतला म्हातारा एकदम सरळ बसला.

सूनबाईंनी स्टूल दिलं, चहा ठेवला आणि पाहुण्यांना नेहमी सांगत असाव्यात ते सांगितलं. बाबांना कळतं सगळं, फक्त बोलायला त्रास होतो, म्हणून आम्ही त्यांना बोलू देत नाही. दोन अक्षरांत आम्हाला समजतं, घरचेच ना आपण. मास्तर हसले. खूप बारीक झाले होते, पण मान वळवायची रीत तीच. ‘‘रे... रे...’’ ते म्हणाले. सूनबाई म्हणाल्या, रेडिओ लावू का? त्यांनी मान हलवली. बंद आहे हो बाबा, बंदच आहे. पुन्हा मान. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं, रेडिओवर तुमचं ऐकलं, अगदी गुळगुळीत, फक्त सोडायचा अवकाश. तिनं दातांत जीभ धरली. खरोखर धरली, दुखेपर्यंत. काचेपलीकडून हे कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली, मग तेही बघायचं सोडलं, कारण हातांवरून तिला पुढचं कळायला लागलं असतं. चहावर साय धरली. कुणाचंही वाक्य पुरं होण्याची वाट बघताना आपण किती एकटे असतो, आणि बोलणारा तर त्याहून एकटा, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं.

‘‘रेडिओ,’’ मास्तर शेवटी म्हणाले, ‘‘मी... मीही ऐकला.’’ मग ती का आली आहे ते तिनं सांगितलं. चूक सुधारायची आहे, तुम्ही म्हणाल तसं मी सांगेन.  मग अडकत, थांबत, पुन्हा पहिल्या अक्षरावर येत त्यांनी जे सांगितलं ते असं की मेलेल्या बाईला कशाला आता उठवून खाली बसवा, राहू दे. ‘‘तिच्या वडिलांना,’’ ते म्हणाले, आणि डोळे मिचकावले, ‘‘थो... थोडं अडखळू दे. पु... पुष्कळ बोलले ते.’’ ती हसली, मोठ्यानं, आणि आपलं हसू किती दिवसांत ऐकलं नव्हतं ते तिला जाणवलं. कलम आहे ना, ते म्हणाले. झालं तर. म्हणजे काम संपलं होतं. निरोप द्यायला निवेदिकेला एक वाक्य पुरेसं होतं. ती उठायच्या बेतात स्टुलावर पुढे सरकली.

‘‘तु...’’ मास्तर म्हणाले.

ती होती तशीच राहिली. हनुवटी टेकवल्यासारखी. सूनबाई म्हणाल्या, तुम्ही चहा घेतला नाहीत असं म्हणताहेत. मास्तरांनी मान हलवली नाही, त्यांनी सूनबाईंकडे बघितलंच नाही. ‘‘तु... तु...’’ रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिच्या मनातली सगळी जुनी वाक्यं रांगेनं पुढे आली, आभाराचं, चोरीचं, लग्नाचं, आणि तिनं एकेकाला परत पाठवलं. हनुवटी थरथरत होती. थरथरू दे. सभागृह नव्हतं, घड्याळ काढायला वकील नव्हते. मग दार उघडल्यासारखे शब्द बाहेर आले. त्या संध्याकाळी, मास्तर म्हणाले, भाषणानंतर, त्यांनी तिचं रीळ लावून घेतलं होतं. भाषा कळत नव्हती. पण ती बाई ते नुसतं सांगत नव्हती, असं त्यांना वाटलं. म्हणून शेवटच्या दिवशी ते विचारायला आले होते. ‘‘तुमचं,’’ ते म्हणाले, ‘‘तुमचं... स्वतःचं... काय म्हणणं होतं? क... कलमावर?’’

एवढंच होतं ते. इतकी वर्षं दाराशी उभं होतं ते एवढंच. कुणी हे विचारलं नव्हतं, सचिवांनी नाही, पोपटानं नाही, ज्याच्याशी लग्न होऊ शकलं असतं त्यानंही नाही, आणि ज्या एका माणसानं विचारलं त्याला तिनं मधेच तोडलं होतं. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. मग तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, कारण उत्तर होतं, नक्की होतं, त्या दिवशी घाम सुटलेल्या हातांत ते होतं. ‘‘मी,’’ ती म्हणाली. आणि पुढचा शब्द आला नाही. ऐकून पुढे सांगायला कुणाचा आवाज नव्हता, कानात कुणी बोलत नव्हतं. ‘‘मी... मी...’’ हा आवाज रेडिओतल्या त्या बाईचा नव्हता, म्हातारा होता, चिरकलेला, आणि तो दुसऱ्या कुणाचा असण्याची शक्यताच नव्हती. सूनबाईंना दया आली. त्या मदतीला पुढे वाकून काहीतरी बोलणार, एवढ्यात मास्तरांनी हात वर केला, तळवा त्यांच्याकडे करून, सभागृहात अध्यक्ष करायचे तसा.

मग त्यांनी हात खाली घेतला, खुर्चीत मागे टेकून बसले आणि तिच्याकडे बघत राहिले. घाई कुणालाच नव्हती.